दिली म्हणे!

सदू,

काल तुझी शोकसभा झाली. वाचनालयाच्या माडीवर सतरंज्या घातल्या होत्या. तुझा फोटो कुणाकडेच नव्हता, म्हणून रिकाम्या खुर्चीला हार घातला. आणि अध्यक्ष कोण होते, ओळख बघू? रावसाहेब. हो, तेच. ज्यांच्यापायी तू घाट चढलास, तेच तुझ्याबद्दल भरभरून बोलत होते. ‘आमच्या संस्थेचा सच्चा मित्र’ म्हणाले तुला. मी बायकांच्या बाजूला दाराशी बसले होते. तिथून त्यांचं नुसतं पागोटं दिसत होतं, वाक्यागणिक हलणारं. शेवटी त्यांनी उपरणं डोळ्यांना लावलं आणि म्हणाले, "देवाने सदाशिवरावांना आपल्यातून नेलं."

नेलं! म्हणजे हा शब्द त्यांना येतो तर. इतके दिवस मला वाटत होतं, त्यांच्या भाषेत तो नसावाच.

त्यावर मी काय केलं ते सांगेन. पण आधी तुझ्याशी भांडायचं आहे. मेलेल्या माणसाशी भांडू नये म्हणतात. तू मेलास हाच मुळी भांडणाचा पहिला मुद्दा आहे, तेव्हा ते राहू दे.

चांगी आपल्या मागल्या दाराने कधीपासून येते, मलाही आठवत नाही. पोलादपूरच्या वाटेवरच्या कातकरवाडीतून लाकडाची मोळी घेऊन यायची, पावसाळ्यात खेकडे, वैशाखात करवंदं. बरोबर तिची पोर, बुधी. पुढचे दोन दात पडलेली, चिंचेखाली बसून कच्च्या चिंचा मीठ लावून खाणारी. "अगो, दात आंबतील," मी म्हणायची, तर तोंड उघडून दाखवायची, दात आहेत कुठे आंबायला! तू तिला अंगणातल्या धुळीत अक्षरं काढायला शिकवायचास. पोलादपूरच्या शाळेत मास्तर, आणि सुटीत घरी आलास तरी मास्तर. ‘ब’ काढून झाला की ती तो पुसायची नाही, त्यावर पाय पडू नये म्हणून वळसा घालून जायची. मी झाडायला गेले की ओरडायची, "अक्का, माझा ब हाय तिथं!"

मग एका सकाळी चांगी एकटीच आली. मोळी नाही, काही नाही. दारातच बसली. तिने जे सांगितलं ते मी तुला तिच्याच शब्दांत सांगितलं होतं, आणि तू ते जसंच्या तसं नाटकात घातलं होतंस. घातलं होतंस! मग काढलंसही तूच.

"मोटार आली गो अक्का. बाप्ये समदे कोळशाच्या भट्टीवर. पागोट्याचा बाबा उतरला, पोरांना गूळ वाटला. मना इचारला, पोर दिली काय? मी बोल्ली, दिली. माझ्या भावाच्या पोराला दिली हाय ना ती, नाते गावच्या वाडीत. मी तेच बोल्ली. त्यानी परत इचारला, दिली ना? मी बोल्ली, हो बाबा, दिली. मंग तो हसला नि बुधीला उचलून मोटारीत ठेवली. मी धावली गो. धुरळाच खाल्ला नुसता."

बुधीबरोबर वाडीतली आणखी पोरंही नेली त्यांनी. घाटावर रावसाहेबांच्या संस्थेचं वसतिगृह आहे, तिथे रानटी लेकरांना माणसात आणतात म्हणे. आणायचं म्हणजे आधी ती माणसात नव्हती असं धरायचं.

आपल्याकडे मुलगी दिली म्हणजे काय, हे शेंबड्या पोराला कळतं. मलाही पालीला दिली होती. मला कुणी विचारलं नव्हतं, पण निदान वाजंत्री तरी होती, हळद तरी होती, आणि वर्षाच्या आत पांढरं कपाळ घेऊन परत यायला माहेर तरी होतं. कातकऱ्यांत पोरगी रांगत असतानाच बोलणी ठरतात. कुणी विचारलं, पोर दिली का, तर चांगी दुसरं काय सांगणार? आणि हे रावसाहेबांना कळत नव्हतं? स्वतःच्या तीन मुली दिल्या त्यांनी!

तू त्यांच्याकडे गेलास तेव्हा हसून म्हणाले, "मी स्वतः विचारलं, सदाशिवराव. दोनदा विचारलं. दोन्ही वेळा ‘दिली’ म्हणाली. चारजण ऐकत होते. तुम्ही मास्तर माणूस, तुम्हाला मराठी कळत नाही का?"

घरी येऊन तू मला म्हणालास, "अक्का, त्यांच्या समजुतीत चूक झाली असेल." इथेच आपलं पहिलं भांडण. चूक असती सदू, तर कळल्यावर मोटार उलटी फिरली असती. चूक कळूनही माणूस ज्या बाजूला फायदा त्याच बाजूला उभा राहतो, तेव्हा तिला चूक म्हणत नाहीत. तू म्हणायचास, माणसाला ओशाळायची संधी द्यावी. तुझा सगळा जन्म लोकांना ओशाळायच्या संधी देण्यात गेला आणि त्यातली एकही कुणी घेतली नाही.

म्हणून नाटक. रावसाहेबांसकट अख्खं महाड समोर बसेल, आई आणि पोर बघेल, आणि शिमग्याच्या आत पोरं वाडीत येतील, असा तुझा हिशेब. अर्ज कोण वाचतो, अक्का, नाटकाला मात्र सगळे येतात, म्हणालास. ते खरं होतं. सगळे आले.

तालमी आठवल्या की राग थोडा वेळ बाजूला ठेवावा लागतो, इतकं हसू येतं. आईच्या कामाला गोविंद शिंपी. त्याने आजवर सगळ्या राण्याच केलेल्या. कातकरणीला शालू हवाच म्हणून अडून बसला होता. "मास्तर, प्रेक्षक फाटकं लुगडं बघायला येतो काय?" मिशी काढायलाही तयार नव्हता, कारण धाकट्या भावाच्या लग्नात मिशीशिवाय बसणार कसा. शेवटी मी माझं जुनं लुगडं मधून फाडून दिलं, गुडघ्यापर्यंत कसं नेसायचं ते चांगीने त्याला मागल्या अंगणात दाखवलं, आणि हसता हसता तिचीही पाठ भिंतीला टेकली. पोर नेल्यापासून पहिल्यांदा हसली ती. दुसऱ्या दिवशी गोविंदा मिशी काढून आला.

आणि मी प्रॉम्प्टर. ह्याबद्दल मी तुझे उपकार मानले नाहीत कधी, आता मानते. विधवा बहिणीला नाटकाच्या आसपास फिरकू देतो म्हणून लोकांनी तुला काय काय ऐकवलं! तू म्हणालास, "ती दिसणार कुठे आहे? नुसती ऐकू येईल, आणि तेही नटांनाच." स्वयंपाकघरातून उचलून तू मला विंगेत उभं केलंस, हातात वही दिलीस आणि सांगितलंस, नट अडला की पुढचा शब्द द्यायचा, जास्त नाही, एकच. किती वर्षं मी असे शब्द दिले. गर्दीतली माणसं माझ्या शब्दावर रडायची आणि त्यांना माझं नावही ठाऊक नसायचं. मला ते फार आवडायचं, सदू. सांगायचं राहिलं.

परवानगीच्या वेळी मात्र तू घात केलास. दुसरा शब्द मला सुचत नाही. मामलेदारांकडे रावसाहेबांचं वजन, आणि रावसाहेबांची अट एवढीच: तो ‘पोर दिली काय’चा प्रवेश गाळायचा, आणि शेवटी आईने म्हणायचं, ‘दिली हो, लेकराच्या भल्यासाठी मीच दिली.’ मग नाटक करा, आम्ही पहिल्या रांगेत बसू. आणि तू हो म्हणालास! घरी येऊन, पाय धुवायच्या आधी, उभ्याउभ्या वहीत काट मारलीस.

"एका शब्दासाठी सगळा खेळ घालवू, अक्का?"

"त्या एका शब्दावरच पोर नेली त्यांनी. दुसरं काय आहे तुझ्या खेळात?"

"लोक पोरीला बघतील, आईला बघतील. त्यांचं त्यांना कळेल."

"लोक रडतील आणि घरी जाऊन जेवतील."

तू जेवला नाहीस त्या दिवशी. मी जेवले. रागात मला भूक लागते, तुला ठाऊक आहे.

वाडीच्या माणसांना उजेडात परत जाता यावं म्हणून तू दुपारचा खेळ लावलास. लोकांनी टिंगल केली, दुपारी काय नाटक करतात, दुपारी झोपतात. बाजारपेठेतली भाताची वखार रिकामी होती, तिथे फळ्या टाकून रंगमंच केला. वखारवाल्या शेटने कातकऱ्यांना दाराबाहेर उभं केलं होतं. तू जाऊन त्यांना आत आणलंस आणि थेट माझ्या विंगेजवळ, रिकाम्या पोत्यांवर बसवलंस. शेट कुरकुरला, तू ऐकलं नाहीस. तेव्हा मला तुझा अभिमान वाटला आणि रागही आला, की पोत्यांसाठी भांडलास, तसा त्या शब्दासाठी का नाही भांडलास!

खेळ चांगला झाला, ते कबूल करते. शेवटचा प्रवेश. मोटार गेली, रंगमंचावर गोविंदा एकटा. बायका नाकाला पदर लावून बसलेल्या. आता त्याने म्हणायचं, ‘दिली हो.’ त्याचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. त्याची नजर पोत्यांवर गेली होती, चांगीवर. ज्या बाईने त्याला लुगडं नेसायला शिकवलं, तिच्या तोंडावर त्याला ते म्हणवेना. त्याने विंगेत माझ्याकडे पाहिलं. वही माझ्या हातात होती. पलीकडच्या विंगेतून तू हात हलवत होतास, दे अक्का, शब्द दे.

नाही दिला. मला त्याचा आजही पश्चात्ताप नाही, पुन्हा वेळ आली तर पुन्हा नाही देणार.

आणि मग चांगी उठली. तिला नाटक ठाऊक नव्हतं, पण समोरची बाई अडली आहे एवढं तिला दिसत होतं. एखाद्या शेजारणीला समजवावं तशी गोविंदाला म्हणाली, "बोल ना गो बाय. भिऊ नको. दिली नाय. नेली. बोल, नेली."

गोविंदाचा बायकी आवाज गळून पडला. स्वतःच्या जाड्याभरड्या आवाजात तो म्हणाला, "नेली."

आणि सदू, टाळ्या पडल्या! वखारीचे पत्रे वाजले. लोकांना वाटलं, मास्तरांनी काय योजना केली आहे, नटी प्रेक्षकांत बसवली! सगळ्यांत जोरात रावसाहेब टाळ्या वाजवत होते. रंगमंचावर येऊन त्यांनी गोविंदाची पाठ थोपटली आणि तुला म्हणाले, "ही बाई कुठून शोधून काढलीत? अगदी खरी वाटते!" चांगी तिथेच उभी होती. आता पोर देतील ह्या आशेने एकेकाच्या तोंडाकडे बघत होती. आणि तू? तू नमस्कार केलास. तुझ्या तोंडून शब्द फुटला नाही. तुलाही कुणी प्रॉम्प्ट करायला हवं होतं, पण मी भलत्या बाजूच्या विंगेत होते.

शिमगा आला, होळी पेटली, वाडीत पोरं नाचली. जी उरली होती ती. त्या दिवशी मी तुला म्हणाले, "टाळ्यांचं आता लोणचं घालू या." तू बराच वेळ चिंचेखाली बसलास. मग चपला घातल्यास. पोलादपूरपर्यंत मोटारीने आणि पुढे घाट पायी, असा गेलास. मला सांगून गेलास की बुधीला घेऊनच येतो. मला वाटलं, चला, शेवटी नाटक सोडून माणूस कामाला लागला.

आलास तो ताप घेऊन. डॉक्टर म्हणाले विषमज्वर, वाटेतलं पाणी बाधलं. बुधी बरोबर नव्हती. जे काही सांगितलंस ते तुकड्यातुकड्यांनी, कपाळावरच्या पट्टीखालून. शाळामास्तर म्हणून तुला पडवीपर्यंत येऊ दिलं. पोरीचे केस कापले होते. अंगात झगा. नाव सुमती. तुला ओळखलं तिने, पण जवळ आली नाही, खांबाला धरून उभी राहिली.

"शुद्ध बोलली ती, अक्का," तू म्हणालास. "आई, म्हणाली. आय नाही. ‘मास्तर, आईने मला दिली ना?’ असं विचारलं. त्यांनी सांगितलंय तिला, आईने दिली म्हणून."

"मग तू काय म्हणालास?"

तू पाणी मागितलंस. मी चमच्याने पाजलं. तू डोळे मिटलेस. मी म्हटलं, राहू दे, ताप उतरला की विचारू.

ताप उतरला नाही.

तू गेल्यावर चांगी आली ती मागल्या दारानेच. पळसाच्या द्रोणात करवंदं आणली होती, ती तिने तू बसायचास त्या पायरीवर ठेवली. रडली नाही. "मास्तर लई चांगला व्हता गो," एवढंच. मी तिला सगळं सांगितलं, केस, झगा, नवीन नाव. ते सगळं तिने मान खाली घालून ऐकलं. मग बुधीचा प्रश्न सांगितला, तेव्हा तिने वर पाहिलं.

"मी दिली असा वाटतंय तिला?"

मी ‘हो’ म्हटलं.

"समदे बोलू देत दिली," ती म्हणाली. "पागोट्याचा बोलू दे, मामलेदार बोलू दे. पण तिला नको वाटायला गो अक्का. ते पोर देवोत नायतर नको देवोत. तिला माझ्या तोंडातून ऐकू दे. मना घेऊन चल तिथं."

आता कालच्या सभेचं. रावसाहेब ‘देवाने नेलं’ म्हणाले आणि मी उठले. आपल्या गावात शोकसभेत बाई उठत नाही. आयुष्यभर दुसऱ्यांना शब्द देत आले, माझा आवाज इतका मोठा आहे हे मलाच ठाऊक नव्हतं.

मी म्हणाले, "रावसाहेब, नेलं कसं म्हणता? मी त्याची मोठी बहीण. मीच दिला त्याला. विचारा ना मला. दोनदा विचारा. दोन्ही वेळा ‘दिला’ म्हणेन. एवढे जण ऐकताहेत."

सगळे खाली बघायला लागले. कुणी तरी हळूच म्हणालं, बिचारीच्या मनावर परिणाम झालाय. रावसाहेबांनी मला बसायची खूण केली, अगदी मायेने. मी बसले नाही. म्हणाले, "तुमच्या आमच्या घरातलं माणूस गेलं की देवाने नेलं. आणि बुधी काय घरातली वस्तू होती, चांगीने दिली म्हणायला?"

मग मागून, पुरुषांच्या शेवटच्या ओळीतून, जाडाभरडा आवाज आला. "नेली." गोविंदा शिंपी उभा होता. मिशी अर्धवट वाढलेली, हातात टोपी. ह्या वेळी टाळी पडली नाही, सदू. रावसाहेबांनी उपरणं सावरलं आणि कुणाचा निरोप न घेता खाली उतरले. तुझं नाटक खरं तर काल झालं. तू तेवढा नव्हतास.

उद्या सकाळच्या मोटारीने मी आणि चांगी निघतोय. गोविंदा येतो म्हणाला, मी नको म्हटलं, त्याच्या मागे पोरंबाळं आहेत. ते पोर आमच्या हाती देतील अशी माझी खात्री नाही. फाटकातून आत सोडतील की नाही तेही ठाऊक नाही. चांगीने मला बजावून ठेवलंय, "तू काय बोलायचा नाय. मी बोलन." बरं बाई, म्हटलं. पुढचा शब्द तिला पाठ आहे.

फक्त एकच गोष्ट मला सतावते आणि तिच्यापायी मला नीट रडताही येत नाही. ती पोर खांबाला धरून उभी होती, तिने तुला विचारलं, आईने मला दिली ना? तेव्हा तू काय म्हणालास? तू मवाळ माणूस. समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून तू काहीही म्हणायचास. त्या पोरीला बरं वाटावं म्हणून, जाताना तिचा धीर सुटू नये म्हणून, ‘भल्यासाठी दिली गो’ असं, ते रावसाहेबांनी पसंत केलेलं वाक्य, तू म्हणाला नाहीस ना?

म्हणाला नसशील. तू माझा भाऊ आहेस.

तरी मी तिला विचारणार आहे.

तुझी,
अक्का